वहिनींचे सत्तावीस तुकडे

धरणाच्या पाण्यावर आमचा शिडाच्या बोटींचा क्लब आहे. क्लब म्हणजे एक लांब पत्र्याची शेड, पाण्यात उतरणारा धक्का, बोटी ओढायचं विंच आणि एकतीस बोटी. विंचचा दांडा मी तेहेतीस वर्षं फिरवला. बोट पाण्यातून वर यायला सव्वीस फेरे लागतात. पंचवीस फेऱ्यांत ती येत नाही, आणि सत्ताविसावा मारला तर मागच्या भिंतीवर आपटते. माझ्या जागी आलेल्या माणसाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. आता भिंतीला तीन खड्डे आहेत.

निवृत्त झाल्यावर क्लबने मला रविवारच्या शर्यतींचं काम दिलं. झेंडा लावायचा, शिट्टी वाजवायची, कोण कितवा आला ते वहीत लिहायचं. सोपं काम आहे, पण नजर हलवता येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण वहिनी. शेडच्या दक्षिणेकडच्या टोकाला, जिथे उजेड चांगला येतो, तिथे त्या शिडं शिवतात. बावीस वर्षं झाली. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात त्या आणि धाकटा दीर. दीर त्यांना वहिनी म्हणतो म्हणून सगळा क्लब वहिनी म्हणायला लागला. वकीलसाहेब त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणतात.

वहिनी स्वतः कधी बोटीत बसल्या नाहीत. एकदा बसल्या होत्या. धक्क्याला बांधलेल्या बोटीत दहा मिनिटं. त्यानंतर दोन दिवस त्यांना घरातल्या खुर्चीवरसुद्धा डोलल्यासारखं वाटत होतं. पण वाऱ्यात शीड कुठे ताणलं जातं, हे त्यांना काठावरून कळतं. एखादा घासून तिसरा आला आणि वाऱ्याला शिव्या घालत वर आला, की त्या सुईवरून मान न उचलता म्हणतात, "वाऱ्याला काय बोलता? दोरी चार बोटं ढिली होती."

त्यांच्या कामाची एक रीत आहे. पक्की शिलाई त्या कधीच आधी मारत नाहीत. आधी सगळं शीड धावदोऱ्याने कच्चं शिवायचं, ताणून बघायचं, चुकलं तर उसवायचं, पुन्हा शिवायचं. मग मशीन. आणि शिवताना टाका घालायच्या आधी अंगठा कापडावरून एकदा फिरवायचा. आडवा, मग उभा. हजार टाक्यांना हजार वेळा. मी एकदा विचारलं, इतकं कशाला? तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सव्वीस फेरे मोजायचात ना? मग."

पुन्हा काही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. मोसमाच्या शेवटी आमच्याकडे अजिंक्यपदाची शर्यत होते. पूर्वी तिच्यात वाटेल तो उतरायचा. दोन वर्षांपूर्वी एकतीसच्या एकतीस बोटी एकदम सुटल्या. सुरुवातीची रेघ म्हणजे माझ्या झेंड्याच्या खांबापासून पाण्यातल्या लाल पिंपापर्यंतचं अंतर. त्यात चौदा बोटी नीट मावतात. एकतीस बोटींनी जे व्हायचं ते झालं. पहिल्या दोन मिनिटांत तीन ठिकाणी टक्कर, आणि एका बोटीची डोलकाठी बुंध्यातून मोडली.

ती बोट वहिनींच्या दिराची. तो बसडेपोत मेकॅनिक. डेपोच्या मागच्या बाजूला, सुट्टीच्या तासांत, सात वर्षं खपून त्याने ती बोट स्वतः बांधली होती. प्लायवूड जुनं, पण सांधे असे की नख शिरणार नाही. मी तपासलेत. मोडलेली काठी खांद्यावर घेऊन तो वर आला, ती भिंतीला टेकवली आणि ऑफिसात जाऊन तक्रार लिहिली. चार ओळी. शेवटची ओळ होती: 'चौदाच बोटी सोडाव्यात.'

समितीने तक्रार मान्य केली. चौदा म्हणजे चौदा. पण कुठल्या चौदा, हे कोणी लिहिलं नव्हतं.

समितीत तिघं. वकीलसाहेब अध्यक्ष, भुलीच्या डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाला. तिघांच्याही बोटी. बैठक शेडमध्येच झाली, मी झेंड्यांना इस्त्री करत होतो, त्यामुळे ऐकलं.

वकीलसाहेब म्हणाले, "मोसमात बारा रविवार, बारा शर्यती. पहिल्या नंबराला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं मोजत जायचं. गैरहजर तो शेवटच्याच्याही मागे. बाराची बेरीज ज्याची कमी, तो आत." वकीलसाहेब बाराही रविवार येतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेरीज कशाला? सरासरी काढा." डॉक्टरीणबाई मोसमात चार वेळा येतात आणि चारही वेळा पहिल्या तिघांत असतात.

बेकरीवाला म्हणाला, "हजेरीला गुण द्या. जो नेमाने येतो त्याला किंमत पाहिजे." बेकरीवाला नेमाने येतो आणि नेमाने शेवटून दुसरा असतो.

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनाही ते एकाच वेळी कळलं असावं.

"बोट नसलेला माणूस पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी दक्षिणेकडच्या टोकाला पाहिलं. "वहिनी, नियम तुम्ही करा."

"मला दोन शिडं द्यायची आहेत शनिवारपर्यंत."

"शनिवारनंतर करा."

नळावर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. "आता काय, दीर बसला आत." "घरचाच नियम, गरम गरम." वहिनी बादली भरत होत्या. भरली, उचलली, निघाल्या. पण माझ्या लक्षात आलं, बादली काठोकाठ भरलेली नव्हती. त्या अर्धी बादली कधी नेत नाहीत.

घरीही तेच. मी विंचच्या साखळीसाठी ग्रीस मागायला गेलो होतो, दीर डेपोतून आणून ठेवतो. दोघं जेवत होते. दीर एकेचाळीस वर्षांचा आहे, या घरात आला तेव्हा एकोणीसचा होता. वहिनी त्याला भाऊजी म्हणतात आणि तुम्ही-आम्ही करतात, पण ताट त्यालाच घासायला लावतात.

"भाऊजी, त्या नियमाबद्दल मला काही विचारायचं नाही."

"विचारलंय कोणी?"

"विचारणार होतात."

"मी मीठ मागणार होतो."

मीठ दिलं. मला ग्रीस दारापर्यंत आणून देताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, मला एकाआड एक रविवारी ड्यूटी असते. बारापैकी सहाच मिळतात. बारा धरल्या तर मी संपलो. तक्रार माझी, आणि बाहेरही मीच."

"मग सांग ना वहिनींना."

"सांगितलं तर तिला नियमच करता येणार नाही."

नवी डोलकाठी त्याने त्या हिवाळ्यात केली होती. चार लांब पट्ट्या एकमेकांना चिकटवून, मग रंधा, मग पॉलिशपेपर, सात हात पॉलिशचे. पुन्हा एकदा त्या रेघेवरून सुटायचं, मोडल्याशिवाय, एवढंच त्याला हवं होतं. जिंकण्याची भाषा त्याने कधी केली नाही.

वहिनींनी नियम कसा केला ते सांगतो. त्यांनी माझ्याकडून चार वर्षांपूर्वीची वही मागून घेतली. "चालू वही नको. चार वर्षांपूर्वी आपण कितवे आलो, हे कोणाला पाठ नसतं."

"वकीलसाहेबांना असेल."

"त्यांना फक्त जिंकलेल्या पाठ असतात."

त्या मोसमात सत्तावीस बोटी होत्या. वहिनींनी शिडाच्या कापडाचे सत्तावीस तुकडे कापले, सगळे वीतभर, सगळे पांढरे. प्रत्येकाला कागदाची एक पट्टी टाचली. पट्टीवर बारा घरं, घरात त्या शर्यतीतला नंबर, जिथे गैरहजर किंवा शर्यत पुरी नाही तिथे आडवी रेघ. नाव नाही, बोटीचा क्रमांक नाही. शनिवारी शिडं देऊन झाल्यावर तुकडे कटिंगच्या टेबलावर पसरले आणि समितीला बोलावलं.

"आता एकेक नियम कच्चा शिवून बघा," त्या म्हणाल्या. "चौदा तुकडे उजवीकडे ठेवा. कोणाचे आहेत ते माहीत नाही. बघा, पटतंय का."

आधी सरासरी लावली. एक तुकडा सगळ्यांच्या पुढे गेला. त्याच्या पट्टीवर अकरा रेघा आणि एकच आकडा होता, दोन.

"हा कोण?" बेकरीवाल्याने विचारलं. "एकदा आला, दुसरा आला आणि अजिंक्यपदाला सगळ्यांच्या आधी?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही पटत." आणि स्वतःचा नियम स्वतः काढून घेतला. मला त्या आवडतात.

मग हजेरी लावली. ज्याच्या पट्टीवर बारा वेळा पंचविसाच्या आसपासचे आकडे होते, तो तिसरा बसला. बेकरीवाला पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "याला घरी आराम करायला सांगा." ती पट्टी कोणाची असेल याचा त्याला थोडा अंदाज आला असावा.

बाराची बेरीज लावली तेव्हा वकीलसाहेबांनाच पटेना. एका पट्टीवर सात रेघा होत्या आणि पाच आकडे, तीन, चार, चार, सहा, पाच. तो बाहेर, आणि बारा वेळा पंधरावा-सोळावा येणारा आत. "चांगल्या ठरावीक शर्यती धरू," ते म्हणाले. "पण किती?"

"सहा," वहिनी म्हणाल्या.

"पाच का नको?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पाच धरल्या तर ही सात रेघांची पट्टी आत येते. आकडे चांगले आहेत."

वहिनींनी तो तुकडा उचलला. "मोसमात सहा वेळाही शर्यत पुरी करत नाही, त्याला अजिंक्यपद कशाला हवं? कष्ट नकोत का? सहाच."

त्या एरवी इतकं बोलत नाहीत. त्या दिवशीही मी झेंड्यांना इस्त्री करत होतो, ती थांबवली. वहिनींचा अंगठा त्या तुकड्यावरून फिरला होता. आडवा, मग उभा.

वकीलसाहेब म्हणाले, "ठीक. सहा. हात वर करा."

"थांबा," मी म्हणालो. "वहिनी, तो तुकडा कोणाचा आहे?"

"भाऊ, नावं नाहीत त्यावर," बेकरीवाला म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

"तुमच्यासाठी नाहीत. वहिनी, कापड कुठून घेतलंत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातल्या तुकड्याकडे. मग टेबलावरच्या सत्तावीस तुकड्यांकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला.

गोष्ट साधी आहे. वहिनी शिवलेल्या प्रत्येक शिडाची कातरण पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात, पुढे ठिगळाला त्याच कापडाचं लागतं म्हणून. तुकडे करायला त्यांनी नवं कापड फाडलं नाही. डबा उघडला आणि ज्या बोटीची पट्टी, तिच्याच शिडाची कातरण घेतली. घोटाळा होऊ नये म्हणून. हात आपोआप तिकडे गेला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर जुनी चादर फाडली असती आणि प्रश्नच आला नसता.

"आम्हाला तर सगळे सारखेच दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनींनी डोळे मिटले आणि टेबलावरून एक उचलला. "वकीलसाहेबांचा. वीण घट्ट, कड कडक." दुसरा. "तुमचा, डॉक्टरीणबाई. उन्हात विसरला होतात, मऊ पडलाय." तिसरा हातात घेऊन वास घेतला. "बेकरी."

बेकरीवाला खाली बघायला लागला.

"आणि तो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

वहिनींनी डोळे उघडले. "आमच्या भाऊजींचा."

मग वकीलसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्ही घरच्यालाच बाहेर ठेवत होतात."

"मी ठरवून केलं नाही."

"ठरवून केलं असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "पण अंगठ्याला कळलं आणि तोंडातून सहा आलं. नळावरच्या बायका म्हणतात तुम्ही त्याला आत घ्याल, म्हणून तुम्ही त्याला बाहेर ढकललंत. त्याच्यासाठी नियम वाकवणं वाईट आणि त्याच्याविरुद्ध वाकवणं चांगलं, असं कुठे असतं?"

जरा जास्तच बोललो. वहिनी उठल्या, कात्री घेतली, टाके कापून सगळ्या पट्ट्या तुकड्यांवरून सुट्या केल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "उसवलं. आता मला यात धरू नका." आणि त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

माझ्या हत्यारपेटीत पितळी वॉशर होते, विंचच्या बेअरिंगचे, सगळे एका मापाचे. कापडाच्या जागी सत्तावीस मोजून काढले. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या घड्या करून बादलीत टाकल्या, ढवळल्या आणि एकेक काढून प्रत्येकीला दोऱ्याने एकेक वॉशर बांधला. गाठी डॉक्टरांना शोभतील अशा होत्या. त्या सात रेघांच्या पट्टीचं कोणी मुद्दाम नाव काढू नये म्हणून वकीलसाहेबांनी त्याआधीच्या तीन वर्षांच्या वह्या मागवल्या आणि त्यांच्याही पट्ट्या केल्या. एकेक वर्ष झालं की वॉशर सोडवायचे, पुसायचे आणि पुढच्या वर्षाच्या पट्ट्यांना लावायचे. दीड तास चाललं. चहा दोनदा झाला. सहा लावून बघितले, सात लावून बघितले, चार लावून बघितले. वकीलसाहेब एकदा उभे राहून टेबलाभोवती फिरले. मला वाटलं कंटाळले. ते मोजत होते.

मग वहिनींना आत बोलावलं.

"पाच," वकीलसाहेब म्हणाले.

"का?"

"बारा रविवार. ज्याची नोकरी पाळीची, त्याला त्यातले सहा मिळतात. सहातला एक वारा पडून किंवा दोरी तुटून जातो. चारही वर्षांच्या वह्यांत जातोच. राहिले पाच. सहा धरले तर पाळीच्या माणसाला चुकायला एकही शर्यत उरत नाही आणि मला सहा उरतात. आणि चार धरले तर नशिबावर जातं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वॉशरने."

"लोक बोलतील."

"लोकांना इथे पाठवा. हे भाऊ त्यांना सत्तावीस वॉशर आणि वही देतील. करू देत त्यांनी नियम."

नियम मोसम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी भिंतीवर लागला. पहिल्या रविवारी चारपाच जण आले वॉशर मागायला. दोघं अर्ध्या तासात उठून गेले. बाकीचे शेवटपर्यंत बसले आणि पाचवर आले. नळावरचं बोलणं पंधरा दिवसांत दुसऱ्या विषयाकडे वळलं.

मोसम असा गेला. दिराला सहा रविवार मिळाले. तिसऱ्यात वारा पूर्ण पडला, दोन तास सगळे पाण्यावर बसून राहिले, मी शिट्टी वाजवून शर्यत रद्द केली. म्हणजे उरले पाच, आणि पाचवी म्हणजे मोसमातली बारावी, शेवटची शर्यत. त्या सकाळी भिंतीवरच्या फळ्यावर चौदाव्या जागेवर वकीलसाहेब होते. दिराला आत यायचं तर सातवा किंवा त्याच्या वर यायला हवं होतं. आठवा आला तर वकीलसाहेब.

वहिनी त्या दिवशी पायरीवर पाण्याकडे पाठ करून बसल्या. मांडीवर कोणाचं तरी फाटलेलं शीड. मी खांबाजवळ. वारा तिरका, चांगला. सहा बोटी आल्या, लिहिल्या. मग डॉक्टरीणबाई आणि दीर, दोघं एकदम, त्या बाहेरच्या बाजूने, तो खांबाकडून. वकीलसाहेब मागे दहाव्या जागी अडकले होते.

अशा वेळी चेहरे बघायचे नाहीत. खांबापासून लाल पिंपापर्यंत एक सरळ रेघ असते, ती बघायची, आणि तिला कोणती बोट आधी कापते ते. मी बघितलं. दिराची. हातभराने.

लिहिलं, शिट्टी वाजवली.

वहिनींनी मान वळवली नाही. "भाऊ, त्यांच्या शिडाची खालची शिवण कशी राहिली?"

"राहिली."

"ताण आला होता का?"

"आला होता."

"बरं," म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला. चौथ्यांदा ओवला.

दीर बोट बांधून वर आला. फळ्यावर मी त्याचा क्रमांक चौदाव्या घरात लिहीत होतो. तो बघत उभा राहिला. मग वहिनींजवळ जाऊन म्हणाला, "आज ताट कोण घासणार?"

"रोजचाच माणूस," वहिनी म्हणाल्या.

अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो अकरावा आला. चौदा बोटी रेघेवरून सुटल्या आणि कोणी कोणाला लागलं नाही. नव्या डोलकाठीवर ओरखडाही नाही. मी हात फिरवून बघितला.

त्याच संध्याकाळी वकीलसाहेब खांद्यावर शीड घेऊन दक्षिणेकडच्या टोकाला आले. वहिनी टेबल पुसत होत्या.

"तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं.

"कसली तक्रार? मत मीच दिलं, तेही वॉशरला." त्यांनी शीड टेबलावर टाकलं. "माझं काय चुकतंय ते बघा."

वहिनींनी अंगठा फिरवला. आडवा, मग उभा. मागच्या कडेपाशी थांबल्या. "ही कड ताणून गेलीये. वारा इथून निसटतो. सगळी उसवावी लागेल."

"किती दिवस?"

"बारा. आधी कच्चं शिवीन, मग तुम्ही पाण्यावर नेऊन दाखवायचं, मग पक्कं."

वकीलसाहेब निघाले, दारात थांबले. "याची कातरण डब्यात ठेवणार?"

"ठेवणार. ठिगळाला लागते."

"तेवढ्यालाच ना?"

"तेवढ्यालाच," वहिनी म्हणाल्या आणि कात्री उचलली.